एका नावावरचा वर्ग

नानांच्या माडीवरची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा त्यांनी भाडं सांगितलं आणि वर एक अट घातली. दर गुरुवारी संध्याकाळी भाडेकरूने खाली यायचं आणि नानांना माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना शिकवायची. गोष्ट कुठलीही चालेल. मी तेव्हा धरणगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होतो. मला ती म्हाताऱ्याची चेष्टा वाटली आणि पहिल्या गुरुवारी मी खाली गेलोच नाही. नाना जिना चढून वर आले आणि दारात उभे राहिले.

"भाऊ, भाडं."

"पहिली तारीख लांब आहे, नाना."

"ते नही. दुसरं."

सुचेना म्हणून मी त्यांना चेकवर कोपऱ्यात दोन आडव्या रेघा का मारतात ते सांगितलं. त्यांनी ते अगदी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "दोनच काबर? एक रेघ मारी तं काय व्हई?" मला सांगता आलं नाही. "बरं, पुढला गुरुवारले सांगजो," म्हणाले आणि खाली गेले. त्या आठवड्यात मी तीन पुस्तकं चाळली. नोकरीसाठी मी कधी तेवढं वाचलं नव्हतं.

नाना आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्या विक्षिप्तपणाच्या पुष्कळ गमती सांगता येतील आणि लोक हसतील. मीही हसत आलो. पण शेवटच्या काळात त्यांच्याबाबतीत जे झालं त्यात माझा हात आहे, आणि ते सोडून नुसत्या गमती सांगणं मला जमणार नाही.

ते गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा, टोपी. त्यांना मनात वाचता येत नसे. येत नसे म्हणजे ते वाचत नसत. वर्तमानपत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे, ऐकायला कोणी असो नसो. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, एसटीवरची पाटी, सगळं मोठ्याने. एकदा जळगावला बँकेत त्यांनी शेजारच्या माणसाचा फॉर्म मोठ्याने वाचला आणि भांडण झालं. "एकटा वाचनं म्हंजे एकटा जेवनं," ते म्हणायचे. "पोट भरस, पन गोडी येस नही."

धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात मला कायम नोकरी लागली आणि मी खोली सोडली. सामान टेम्पोत चढवताना नाना म्हणाले, "तुन्हं खोलीनं भाडं माफ. दुसरं चालूच शे." तेव्हापासून मी धरणगावला गेलो की त्यांना काहीतरी शिकवायचंच, असा रिवाज पडला. वर्षं गेली. लॉकडाऊन उठल्यानंतर मी गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिलेला होता. ते त्यावर नुसते पंचांग बघत होते. मी म्हटलं, नाना, आज मोठं भाडं देतो.

मी त्यांना मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम दाखवले. देशातल्या मोठमोठ्या संस्थांतले प्राध्यापक, त्यांची व्याख्यानं, सगळं उघडं. कुठूनही बघा, कितीही वेळा बघा. मला आठवतं, मी मनापासून बोलत होतो. म्हणालो, नाना, आता पोराला पुण्या-मुंबईला पाठवायची गरज नाही, तिथला मास्तर इथं येतो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अन हाई बठ्ठं मोकळं शे? कोनीबी यावं?"

"कोणीही."

"मंग एकटानी देखनं पाप शे."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी वर्ग सुरू केला.

आमच्याकडे भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. नानांची पुढची खोली दर हिवाळ्यात छतापर्यंत भरलेली असायची. त्या वर्षी त्यांनी आलेल्या भावात कापूस विकून टाकला आणि खोली झाडून घेतली. तरी भिंतीच्या भेगांत, तुळयांवर तंतू राहिलेच, आणि साठवलेल्या कापसाची ती खाज. वर्गातले सगळे पहिल्या आठवड्यात खाजवत होते. नानांनी निवडलेला अभ्यासक्रम माती परीक्षणाचा होता. येणाऱ्या आठ-दहा जणांत बहुतेक बायका, एक विहिरीवरच्या पंपाची मोटर बांधणारा, आणि गल्लीतल्या अक्का, ज्यांना अक्षरओळख बेताची होती, पण दुपारी घरी करमत नसे.

लॅपटॉप टेबलावर ठेवायचा नाही, खुर्चीवर ठेवायचा. घरातल्या चांगल्या खुर्चीवर. पाहुण्याला आपण खुर्ची देतो. पडद्यावर प्राध्यापक आले की सगळ्यांनी उभं राहून राम राम करायचा. पहिल्या दिवशी मोटर बांधणारा बसूनच राहिला, तर नाना त्याच्यावर गरजले, "एवढा शिकेल मानूस आपले शिकाडाले उना, अन तू बठेल?" कोणीतरी सुचवलं की हे दुप्पट वेगाने ऐकता येतं, वेळ वाचतो. नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा कोणी ते काढलं नाही.

प्राध्यापक इंग्रजीत बोलायचे. दर वाक्याला नाना थांबवायचे, ते वाक्य मोठ्याने परत म्हणायचे, मग अहिराणीत सांगायचे. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला तीन-चार दुपारी लागत. मातीचे कण पोषकद्रव्यांची अदलाबदल कशी करतात ते त्यांनी धरणगावच्या बाजारावरून सांगितलं. कोणता दुकानदार गिऱ्हाईक धरून ठेवतो, कोणता सोडतो. अक्का मध्येच म्हणाल्या, "हाऊ मानूस कोट घालीसन मातीन्या गोठी करस. हात दखाड म्हना याले."

"अक्का, त्याले आपलं ऐकू येस नही."

"मंग कसाना मास्तर तो?"

नाना हसले नाहीत. त्यांना तो मुद्दा खरा वाटला. त्या संध्याकाळी त्यांनी त्या संकेतस्थळावर प्रश्न विचारायची जागा शोधून काढली आणि काळ्या मातीबद्दलचा अक्कांचा एक प्रश्न मराठीत लिहून पाठवला. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, कृपया सातवं व्याख्यान पाहावं. अक्कांचा प्रश्न सातव्या व्याख्यानात नव्हताच, पण नानांनी मला मुद्दाम फोन केला. "उत्तर उनं, भाऊ! तठला मानूसनी आपली चिठ्ठी वाची."

दर आठवड्याचा गृहपाठही ते असाच सोडवत. नाना प्रश्न वाचणार, चारी पर्याय वाचणार, मग वाद. बायका भांडायच्या. शेवटी हात वर करून मोजणी, आणि बहुमताचं उत्तर नाना दाबणार. बहुमत बहुतेक वेळा मंगलाच्या बाजूने जायचं.

मंगला त्या वर्गात एका कारणासाठी येत होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. बी.एस्सी. झाल्याबरोबर तिचं लग्न झालं. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, ती लहान मुलीला घेऊन गावी सासू-सासऱ्यांजवळ राहत होती. धरणगावजवळ शेतकऱ्यांची एक कंपनी माती तपासायची प्रयोगशाळा काढणार होती. त्यांना एक माणूस हवा होता. विज्ञानाचा पदवीधर, स्थानिक, आणि माती परीक्षणाच्या या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र असलेला. पदवी तिच्याजवळ होती. सासऱ्यांनी सांगितलं होतं, होळीपर्यंत नोकरी लागली तर राहा इथंच, नाहीतर सुरतेला जा. सुरतेला एक खोली होती, तीत नवरा आणि दोन दीर होते, आणि तिघांचे डबे करायला माणूस नव्हतं. मंगला ते शब्दांत कधी बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "सर, तिथं खिडकी भिंतीवर उघडते."

आता माझ्या बाजूचं सांगतो.

देवपूरच्या आमच्या कॉलेजात याच अभ्यासक्रमांचं समन्वयकपद माझ्याकडे होतं. मुलांनी ते करावेत असा वरून आग्रह होता. किती मुलांनी नोंदणी केली, किती उत्तीर्ण झाली, हे कॉलेजच्या मूल्यांकनात धरलं जायचं. मुलांना रस नव्हता, इंग्रजी कळत नव्हतं, घरी नेट नव्हतं. तेव्हा आम्ही सगळ्यांची नोंदणी कॉलेजातच करून टाकायचो. व्याख्यान पाहिल्याची खूण पडावी म्हणून संगणक खोलीतल्या सगळ्या संगणकांवर व्हिडिओ लावून ठेवायचो आणि शिपाई पुढचं पुढचं दाबत फिरायचा. गृहपाठाची उत्तरं मुलांच्या ग्रुपवर येत. ती कुठून येत हे मी विचारत नसे, कारण मला माहीत होतं. ती मीच एका मुलाला दिलेली असत. यातलं काहीही मी लपवलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. उलट शिक्षक दिनाला माझा सत्कार झाला.

नाना डोळे तपासायला धुळ्याला आले होते तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेने ती खोली दाखवायला नेलं. काय वाटून नेलं कोण जाणे. रांगेने संगणक, सगळ्यांवर कोटातला एकच माणूस हातवारे करत बोलत होता, आवाज बंद. समोर खुर्च्या रिकाम्या. नाना दारातच थांबले. मग सवयीने हात जोडून राम राम केला. पहिल्या संगणकासमोर बसले, शिपायाला आवाज सुरू करायला लावला आणि व्याख्यान संपेपर्यंत ऐकलं. मग उठून दुसऱ्यासमोर बसले.

शिपाई म्हणाला, "बाबा, सगळीकडे तेच चाललंय."

"तेच शे, पन हाऊ बी तं बोली ऱ्हायना ना."

तिसऱ्यानंतर मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, नाना, सगळ्या कॉलेजांत असंच असतं. ते म्हणाले, "असू दे भाऊ. तू पोटले शे, मी हौसले शे." मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं. आता वाटतं, त्यांनी मला त्या दिवशी मोजदादीतून काढलं असावं.

दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. खरंच सांगतो, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी तसा तास पाहिला नाही. लोक शिकत होते. चूक झाली की हसत होते. अक्का शेंगा वाटत होत्या. नानांनी फळ्यावर एका कोपऱ्यात आपल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. ते पाहून मला एकदम लक्षात आलं.

"नाना, या सगळ्यांची नोंदणी केलीत ना?"

"शे ना. मन्ही शे."

"तुमची एकट्याची? प्रमाणपत्र पाहिजे असेल तर प्रत्येकाची वेगळी लागते."

नाना हसले. मुख्याध्यापक अडाणी कारकुनाला हसतो तसे. "एक शाळाना एकच नंबर ऱ्हास, भाऊ. पोरेस्नी यादी मुख्याध्यापक धाडस. मी धाडेल शे." आणि त्यांनी मला दाखवलं. त्यांनी त्या संस्थेला ईमेल पाठवला होता. माझ्या केंद्रावर खालील विद्यार्थी शिकत आहेत, परीक्षेसाठी त्यांचा समावेश व्हावा. खाली नावं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, शिक्षण. अक्कांच्या नावापुढे शिक्षण म्हणून 'श्रवण' लिहिलं होतं. आणि खाली उत्तर आलेलं होतं, आपली विनंती प्राप्त झाली आहे, धन्यवाद. दहावीच्या मुलांच्या याद्या नाना आयुष्यभर अशाच पाठवत आले होते. पोच आली की काम झालं. तिकडे कोणीतरी त्यांची यादी हातात घेऊन बसलं आहे, यावर त्यांचा विश्वास होता.

मला माहीत होतं की ते उत्तर माणसाने लिहिलेलं नाही. असली उत्तरं मला रोज येत. मी म्हटलं, "नाना, एकदा परत बघायला पाहिजे," ते म्हणाले, "बघू," आणि पुढचं वाक्य सुरू झालं. वर्गासमोर त्यांना यापेक्षा जास्त सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बसच्या वेळी मंगला माझ्यामागे कोपऱ्यापर्यंत आली. कडेवर मुलगी होती. "सर, तुम्ही यातलेच. नानांनी पाठवलीत ती नावं चालतील ना?"

नोंदणी तेव्हा सुरू होती. माझ्या खिशात फोन होता. तिचं नाव भरायला पाच मिनिटंही लागली नसती. पण नानांनी केलं ते चुकलंय, हे त्यांच्या पाठीमागे त्यांच्या विद्यार्थिनीला सांगायचं? आमच्याकडे थोर माणसाचा शब्द असा खाली पडू देत नाहीत. शिवाय बस दिसत होती. मी म्हणालो, "नानांनी पाठवलंय ना, मग होईल." मनात ठरवलं की धुळ्याला पोचल्यावर नानांना फोन करून शांतपणे समजावू. धुळ्याला पोचलो तो कॉलेजची नावं भरायची घाई होती. मी आठवडाभर साठ मुलांची नोंदणी करत बसलो. त्यांतल्या निम्म्यांना आपली नोंदणी झाली हेही माहीत नव्हतं. मंगलाचं नाव मला एकदा आठवलं. ते आठवल्याचं मला स्वच्छ आठवतं. मग नोंदणी बंद झाली.

परीक्षेचं केंद्र आमचंच कॉलेज होतं आणि त्या दिवशी केंद्राची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी फाटकाजवळून वॉचमनचा फोन आला, "सर, एक जीप भरून लोक आलेत. म्हणतात, परीक्षेला आलोय."

मी खाली गेलो. सगळे आले होते. डोकी विंचरलेली, इस्त्रीचे कपडे, भाकरीची गाठोडी, प्रत्येकाजवळ दोन-दोन पेनं, संगणकावरच्या परीक्षेला. अक्का नवं लुगडं नेसल्या होत्या. मंगलाने हातात लग्नातलं घड्याळ घातलं होतं. नाना सर्वांच्या पुढे, हातात एक हॉलतिकीट आणि एक पाकीट. परीक्षेची फी त्यांनी संकेतस्थळाने मागितली तेवढी, म्हणजे एकाची, भरली होती. बाकीच्यांची केंद्रावर घेत असतील म्हणून रोख आणली होती.

"बाबा, यादीत एकच नाव आहे," वॉचमन म्हणत होता.

"हाऊ उना भाऊ. हाऊ सांगी तुले." नानांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "सांग याले, भाऊ. यादी तू देखेल शे ना?"

मी यादी पाहिलेली होती. मी ते सगळ्यांसमोर कबूल केलं आणि सांगितलं की तशी यादी चालत नाही. नाना ऐकत होते. मी बोलत गेलो, नियम, मुदत, प्रणाली, असले शब्द. मध्येच मंगला म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला होतात, होईल."

"हो," मी म्हणालो.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना तेव्हा कळलं असावं की मला दिवाळीपासून माहीत होतं.

"हिले बसू दे," ते म्हणाले. "मन्हा जागावर. मी बाहेर बठस."

"नाना, ओळखपत्र बघतात. कॅमेरा आहे."

"मंग कॅमेराले सांग."

कोणी हसलं नाही. मंगलाच म्हणाली, "नाना, तुम्ही तरी जाऊन या. आमच्या सगळ्यांचं म्हणून जा."

ते आत गेले. आमची साठ मुलं आधीच बसली होती. नानांना कडेची जागा होती. पडद्यावर पहिला प्रश्न आला आणि नानांनी तो मोठ्याने वाचला. पर्यायही वाचले. सगळी मुलं वळून बघायला लागली. पर्यवेक्षक धावले. मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "नाना, मनात वाचा."

"मनमा वाचीसन कोनले समजी?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. मग टोपी सारखी केली आणि उठून बाहेर गेले. पडद्यावर पहिला प्रश्न तसाच राहिला.

खिडकीतून मला आवार दिसत होतं. ते सगळे निंबाखाली बसून भाकरी खात होते. बाहेरच्यांना लांब बसवा असं सांगायला मीच वॉचमनला पाठवलं होतं, पण त्याला ते जमलं नाही म्हणून मी खाली गेलो. अक्का विचारत होत्या, "काय इचारं त्यास्नी?" नानांनी पहिला प्रश्न सांगितला. मंगलाने हातातली भाकरी न ठेवता उत्तर सांगितलं आणि मुलीला घास भरवला. मला पाहून मोटर बांधणारा म्हणाला, "या सर, बसा. खा भाकर. आमनी परीक्षा झायी."

मी बसलो नाही. मला आत जायचं होतं.

प्रयोगशाळेतली ती जागा आमच्याच एका मुलाला मिळाली. माझ्याच यादीतला, धरणगावकडचा, एम.एस्सी. करणारा, चांगला मुलगा, त्याचा काही दोष नाही. काही महिन्यांत त्याने ती सोडली आणि मोबाइलचं दुकान टाकलं. तोवर मंगला सुरतेला गेली होती. होळी झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच.

पुढच्या हिवाळ्यात मी धरणगावला गेलो. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. वर्ग नव्हता. मला पाहून नाना ओट्यावरून उठून उभे राहिले. मला वाटलं, कुठे निघाले असतील. पण ते उभेच राहिले, हात बाजूला घेऊन, कचेरीत साहेबासमोर राहतात तसे.

"नाना, बसा ना."

"तुम्ही बसा," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं.

मी बोलायला लागलो. पुढच्या वेळी मी स्वतः सगळ्यांची नावं भरीन, एकेकाची वेगळी. त्यांनी मान हलवली. "नको. मी तिन्हं वरीस खाई टाकं," ते मंगलाबद्दल म्हणाले. "अन तठे कोनीच नव्हतं, नही का? मी लिखत बसनू. तठे वाचनारा कोनीच नव्हतं."

"नाना, यंत्र उत्तर देतं तिथं."

"तुम्हाले माहीत व्हतं."

मी उठलो. त्यांना शिकवायला म्हणून मी त्या दिवशी काहीतरी तयार करून नेलं होतं. ते तसंच परत आणलं.

नंतर मुलगी त्यांना जळगावला मेहरूणला घेऊन गेली. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ते गच्चीत तलावाकडे तोंड करून बसले होते. समोर वर्तमानपत्र होतं आणि ते वाचत होते. मी बराच वेळ दारात उभा होतो. त्यांचे ओठ हलत नव्हते. मुलगी म्हणाली, "बाबा आता फार शांत झालेत. पूर्वी किती कलकल करायचे." ते गेल्याचं मला उशिरा कळलं, दशक्रियाही होऊन गेली होती.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या बसस्टँडवर मंगला दिसली. सुटीत गावी येऊन परत निघाली होती. मुलगी आता शाळेत जाते. नाना गेल्याचं तिला कळलं होतं. "येता आलं नाही तेव्हा," म्हणाली. मग मी घाईघाईने तिला सांगितलं की तो अभ्यासक्रम पुन्हा आलाय, नोंदणी सुरू आहे, मी आत्ता इथं फोनवर तिचं नाव भरतो, नोंदणीला काही खर्च नाही. मी खिशातून फोनही काढला.

"सर, तो मला येतो सगळा," ती म्हणाली.

"प्रमाणपत्रासाठी म्हणतोय."

"आता कशाला?"

मी फोन परत खिशात घातला. तिलाच माझी दया आली असावी, म्हणून ती दुसरं काहीतरी बोलायला लागली. मुलीला सुरतेतच उधन्याला गणिताच्या क्लासला घातलंय, म्हणाली. क्लास महाग आहे. "हे रोज भांडतात. म्हणतात, मोबाइलवर सगळं शिकायला मिळतं, तू स्वतः शिकलीस, मग पैसे कशाला घालवतेस." तिनं मुलीच्या केसांची पिन काढून नीट लावली. "मी म्हटलं, पैसे भरले की पावतीवर पोरीचं नाव लिहून देतात."

ती मला टोचून बोलत नव्हती. नवऱ्याला दिलेलं कारणच मला सांगत होती. सुरतेची गाडी लागली तशी तिनं पिशवी उचलली, मुलीला पुढे घातलं आणि गर्दीतून चढली.